पुढाऱ्यांचे पर्यावरणप्रेम : खरे किती, खोटे किती?

दरवर्षी ५ जूनला आपल्या शाळांमध्ये झाडे लावली जातात. कुठे आमदार येतात, कुठे मंत्री येतात. खड्ड्यात रोप ठेवले जाते, झारीने पाणी घातले जाते, छायाचित्रे निघतात आणि भाषणे होतात. दुसऱ्या दिवशी वर्गात एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "सर, या लोकांना खरेच झाडांची काळजी असते का?" यावर आपण बहुधा हसतो आणि पुढचा धडा उघडतो.

पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. "सगळे ढोंग आहे" असे उत्तर दिले, तर मूल एक सोयीचा धडा शिकते : राजकारणाकडून काही मागण्यात अर्थ नाही. "हो, असते" असे म्हटले, तर ते भाषणावर विश्वास ठेवायला शिकते. दोन्ही उत्तरे ऐकून शेवटी हात बांधून बसायचेच असते. म्हणून या प्रश्नाकडे जरा शास्त्रीय पद्धतीने, म्हणजे पुरावा पाहून, वळायला हवे.

अडचण अशी, की माणसाच्या मनातला हेतू मोजण्याचे यंत्र नाही. पुढारी व्यासपीठावर काय बोलतो ते कळते. दार बंद झाल्यावर काय बोलतो ते सहसा कळत नाही. इतिहासात मात्र क्वचित अशी संधी मिळते, की दोन्ही बोलणी आपल्यासमोर येतात. साधारण १९६९ ते १९७४ या एकाच काळात सत्तेवर असलेल्या दोन नेत्यांबाबत ही संधी आपल्याला मिळाली आहे. एक अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन आणि दुसऱ्या भारताच्या पंतप्रधान इंदिरा गांधी. निक्सन यांचे खासगी बोलणे ध्वनिफितींवर आहे. इंदिरा गांधींची पत्रे आणि टिपणे सरकारी दप्तरांत जपली गेली आहेत. जयराम रमेश यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ती विस्ताराने आली आहेत. दोघांची तुलना केली, की आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला एक अनपेक्षित उत्तर मिळते.

पेटलेली नदी

निक्सन यांनी २० जानेवारी १९६९ रोजी सूत्रे हाती घेतली. १९६८ च्या निवडणुकीत पर्यावरण हा विषय जवळजवळ नव्हताच. व्हिएतनामचे युद्ध आणि शहरांमधील दंगली यांनीच ती निवडणूक व्यापली होती. पण सूत्रे घेऊन आठ दिवस होतात न होतात तोच, २८ जानेवारीला कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे समुद्रातील एका तेलविहिरीतून तेल उसळू लागले. किनारे काळे झाले, तेलात माखलेले पक्षी दूरचित्रवाणीवर घरोघर दिसले. मार्च महिन्यात निक्सन स्वतः त्या किनाऱ्यावर जाऊन आले.

त्याच वर्षी २२ जूनला ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहराजवळ कायाहोगा नदीला आग लागली. नदीला आग लागते म्हणजे काय, असे विद्यार्थी विचारतील. पोलाद कारखान्यांचे तेल, ग्रीस आणि इतर कचरा पाण्यावर तरंगत होता. ठिणगी पडली आणि तो थर पेटला. आग जेमतेम अर्धा तास टिकली. गंमत म्हणजे ही त्या नदीची पहिली आग नव्हती. १८६८ पासून ती अनेकदा पेटली होती आणि १९५२ ची आग कितीतरी मोठी होती. 'टाइम' साप्ताहिकाने ऑगस्ट १९६९ मध्ये या आगीविषयी लिहिले, तेव्हा सोबत छापलेले छायाचित्रही १९५२ चेच होते! नदी पूर्वीइतकीच घाण होती. बदलली होती ती पाहणाऱ्यांची नजर. रॅचेल कार्सन यांच्या 'सायलेंट स्प्रिंग' या १९६२ च्या पुस्तकाने कीटकनाशकांविषयी जो विचार पेरला होता, तो सात वर्षांत उगवून आला होता.

सेनेटर गेलॉर्ड नेल्सन यांच्या कल्पनेतून २२ एप्रिल १९७० रोजी पहिला वसुंधरा दिन पाळला गेला. त्यात सुमारे दोन कोटी लोकांनी भाग घेतला असा अंदाज आहे. त्यावेळच्या अमेरिकेच्या लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण साधारण दहात एक पडते. शाळा आणि महाविद्यालये यांत आघाडीवर होती. मतांचा हिशेब करणाऱ्या कोणत्याही पुढाऱ्याला याकडे दुर्लक्ष करणे परवडणार नव्हते.

निक्सन : जाहीर आणि खासगी

आता निक्सन यांच्या खात्यावर काय जमा आहे ते पाहू. १ जानेवारी १९७० रोजी त्यांनी राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यावर सही केली. सरकारच्या प्रत्येक मोठ्या प्रकल्पाचे पर्यावरणावर काय परिणाम होतील, याचा लेखी अहवाल आधी करायचा, ही आज जगभर रूढ झालेली पद्धत या कायद्याने सुरू केली. त्याच महिन्यातील वार्षिक भाषणात त्यांनी हवा आणि पाणी यांना मोठे स्थान दिले. वसुंधरा दिनाच्या निमित्ताने व्हाइट हाउसच्या हिरवळीवर पत्नीसह झाड लावले. २ डिसेंबर १९७० रोजी पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे 'ईपीए', कामाला लागली. ३१ डिसेंबरला स्वच्छ हवा कायद्यावर सही झाली. १९७२ मध्ये ईपीएने डीडीटीच्या बहुतेक वापरावर बंदी घातली. डिसेंबर १९७३ मध्ये संकटग्रस्त प्रजातींच्या रक्षणाचा कायदा झाला. चार वर्षांत इतके काम अमेरिकेच्या आधीच्या किंवा नंतरच्या कोणत्याही अध्यक्षाच्या काळात झालेले नाही, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

यावरून निक्सन हे निसर्गाचे भक्त होते असे कुणालाही वाटेल. पण फेब्रुवारी १९७१ पासून त्यांच्या कार्यालयात ध्वनिमुद्रण यंत्रे बसवलेली होती. २७ एप्रिल १९७१ रोजी मोटारउद्योगातील हेन्री फोर्ड दुसरे आणि ली आयाकोका हे त्यांना भेटायला आले. मोटारींच्या धुरावरील आणि सुरक्षिततेवरील नियम सैल करावेत, ही त्यांची मागणी. त्या संभाषणात निक्सन पाहुण्यांना सांगतात, की या पर्यावरणवाद्यांना सुरक्षितता किंवा स्वच्छ हवा यांत खरा रस नाही. त्यांना ही सारी व्यवस्थाच मोडायची आहे आणि जनावरांसारखे जगायला परत जायचे आहे. ज्या कायद्यावर स्वतः चार महिन्यांपूर्वी सही केली, त्याच्या पुरस्कर्त्यांविषयी हे उद्गार आहेत.

मग सही का केली? याचे उत्तर एडमंड मस्की या नावात आहे. मेन राज्याचे हे सेनेटर १९६८ मध्ये विरोधी पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते आणि १९७२ मध्ये ते निक्सन यांच्याविरुद्ध उभे राहतील असा सर्वांचा होरा होता. हवा आणि पाणी हे मस्की यांचे खास विषय. त्यांनी आणलेले हवेचे विधेयक सेनेटमध्ये ७३ विरुद्ध ० मतांनी मंजूर झाले होते. अशा विधेयकाला विरोध करणे म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या हाती आयते कोलीत देणे. तेव्हा निक्सन यांनी सही केली, समारंभ केला आणि त्या समारंभाला मस्की यांना बोलावलेच नाही.

१९७२ मध्ये मस्की शर्यतीतून बाहेर पडले. त्याच ऑक्टोबरात काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, स्वच्छ पाण्याचा कायदा मंजूर केला. सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे बांधण्यासाठी त्यात १८ अब्ज डॉलरांची तरतूद होती. खर्च फार आहे असे सांगून निक्सन यांनी १७ ऑक्टोबरला नकाराधिकार वापरला. दुसऱ्याच दिवशी दोन्ही सभागृहांनी दोनतृतीयांशाहून कितीतरी जास्त मतांनी तो झुगारून दिला. मग निक्सन यांनी दुसरा मार्ग काढला. पहिल्या दोन वर्षांसाठी मंजूर असलेल्या ११ अब्ज डॉलरांपैकी ६ अब्ज त्यांनी रोखून धरले. न्यूयॉर्क शहर न्यायालयात गेले आणि १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी अडवणूक कायद्यात बसत नाही असा निर्णय दिला. तोवर निक्सन राजीनामा देऊन घरी गेले होते.

पुरावा पुरेसा स्पष्ट आहे. निक्सन यांचे पर्यावरणप्रेम वरवरचे होते, मतांसाठी होते. प्रश्न असा, की त्यामुळे त्यांच्या सहीची किंमत कमी झाली का?

सहीनंतर काय झाले?

स्वच्छ हवा कायद्यात तीन गोष्टी होत्या. पहिली, आकडा : मोटारींच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन ९० टक्क्यांनी कमी झाले पाहिजेत. दुसरी, मुदत : १९७५ पर्यंत. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कारखाना कायदा मोडत असेल किंवा खुद्द ईपीए आपले कर्तव्य करत नसेल, तर साठ दिवसांची नोटीस देऊन कोणताही सामान्य नागरिक न्यायालयात जाऊ शकेल.

मुदत पाळली गेली नाही हेही सांगायला हवे. मोटार कंपन्यांनी मुदतवाढ मागितली, ती मिळाली आणि काही मर्यादा १९८०-८१ च्या सुमारास प्रत्यक्षात आल्या. पण १९७५ सालच्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसले. या उपकरणात प्लॅटिनमसारख्या धातूचा पातळ थर असतो. तो उत्प्रेरकाचे काम करतो आणि विषारी वायूंचे रूपांतर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ यांत होते. पेट्रोलमध्ये शिसे असेल तर ते या थरावर बसते आणि उत्प्रेरक निकामी होतो. म्हणून शिसेविरहित पेट्रोल आले. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करते म्हणून ईपीएने पेट्रोलमधील त्याचे प्रमाणही टप्प्याटप्प्याने उतरवत नेले. १९७६ ते १९८० या काळात अमेरिकनांच्या रक्तात दर १०० मिलिलिटरमागे सरासरी १२.८ मायक्रोग्रॅम शिसे होते. १९८८ ते १९९१ च्या पाहणीत ते २.८ वर आले. डब्यांच्या झाळणातून आणि रंगांतून शिसे काढल्याचाही यात वाटा आहे, पण सर्वांत मोठा वाटा पेट्रोलचा. ज्या मुलांच्या रक्तातून हे विष कमी झाले, त्यांना निक्सन यांच्या मनात काय होते याने काही फरक पडला नाही.

आणखी एक कसोटी १९८१ मध्ये लागली. अध्यक्ष रेगन यांना उद्योगांवरील नियम नकोच होते. त्यांनी नेमलेल्या ॲन गॉरसच यांनी ईपीएच्या अंदाजपत्रकाला मोठी कात्री लावली. पण कायदे जागच्या जागी होते, नागरिक आणि संसद हिशेब मागत होते. १९८३ च्या मार्चमध्ये गॉरसच यांना राजीनामा द्यावा लागला आणि रेगन यांनी विल्यम रकल्सहाउस यांना परत बोलावले. निक्सन यांच्या काळात ईपीएचे पहिले प्रमुख असलेले हेच गृहस्थ. संस्थेची घडी पुन्हा बसली.

इंदिरा गांधी : पत्रांतला निसर्ग

निक्सन यांच्या त्याच ध्वनिफितींवर नोव्हेंबर १९७१ मधील संभाषणेही आहेत. बांगलादेशाच्या प्रश्नावर भेटून गेलेल्या भारताच्या पंतप्रधानांविषयी त्यांत काढलेले अपशब्द आता जगजाहीर आहेत. त्या भेटीत पर्यावरणाला जागा नव्हती. असती, तर कोण खरोखर बोलतो आणि कोण मतांसाठी, हे ओळखायला कुणाला वेळ लागला नसता.

इंदिरा गांधींचे निसर्गप्रेम सत्तेच्या आधीचे होते. दिल्लीत १९५० मध्ये पक्षिनिरीक्षकांची जी संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. मुख्यमंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रांत तोडली जाणारी झाडे, मारले जाणारे प्राणी, खचणारे डोंगर यांचा उल्लेख सतत येतो. ही पत्रे छापण्यासाठी लिहिलेली नव्हती. त्यांतून मतेही मिळणार नव्हती, कारण १९७० च्या भारतात वाघाच्या नावाने मत देणारा मतदार नव्हता.

१९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्याच वर्षीच्या गणनेत देशात वाघ १,८२७ निघाले आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ क्षेत्रांत आपले मेळघाट होते. १९७२ च्या जूनमध्ये स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरण परिषद भरली. तिची सुरुवात ५ जूनला झाली, म्हणून आपण तो दिवस पाळतो. यजमान स्वीडनचे ओलोफ पाल्मे सोडले, तर परदेशातून आलेल्या इंदिरा गांधी या एकट्याच सरकारप्रमुख होत्या. गरिबी आणि गरज हे प्रदूषणाचे सर्वांत मोठे कारण नाही का, असा प्रश्न त्यांनी तेथे विचारला. हे वाक्य पुढे आधी कारखाने आणि नंतर पर्यावरण असे म्हणणाऱ्यांनी ढालीसारखे वापरले. संपूर्ण भाषण वाचले तर तसा अर्थ निघत नाही. गरिबी हटवणे आणि निसर्ग राखणे ही कामे एकत्र करावी लागतील, असे त्यांचे म्हणणे होते.

थोडक्यात, खरेपणाच्या परीक्षेत त्या पहिल्या वर्गात उत्तीर्ण होतात. आता तीच दुसरी परीक्षा घेऊ : सहीनंतर काय झाले?

पत्राची मर्यादा

भारताचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९७४ चा आहे. (महाराष्ट्राने स्वतःचा कायदा त्याआधीच, १९६९ मध्ये केला होता आणि त्यातूनच आपले प्रदूषण मंडळ उभे राहिले.) केंद्राचा कायदा बारकाईने वाचला, तर कलम ४९ पाशी थांबावे लागते. प्रदूषण करणाऱ्यावर खटला भरायचा असेल, तर तक्रार मंडळाची हवी किंवा मंडळाची लेखी परवानगी हवी, असे ते मूळ कलम सांगत होते. म्हणजे नदीकाठच्या गावाने मेलेले मासे दाखवले आणि मंडळाने डोळे मिटले, तर या कायद्याखाली गावकऱ्यांना न्यायालयाचे दार बंद. निक्सन यांच्या सहीने अमेरिकन नागरिकाला १९७० मध्ये मिळालेला अधिकार भारतीय नागरिकाला इंदिरा गांधींच्या कायद्याने दिला नाही.

१९७६ मध्ये, आणीबाणी चालू असताना, बेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली. तिने पर्यावरणाचे रक्षण हे राज्याचे धोरण ठरवले आणि नागरिकांचे मूलभूत कर्तव्यही ठरवले. ही दोन्ही कलमे पुढे न्यायालयांच्या फार उपयोगी पडली. पण ज्या वर्षी कर्तव्य दिले, त्या वर्षी हक्क स्थगित होते आणि वृत्तपत्रांवर नियंत्रण होते. तक्रार करणारा आवाजच बंद असेल, तर कर्तव्य पार कसे पाडायचे? याच आणीबाणीच्या काळात, ऑक्टोबर १९७५ मध्ये, भोपाळच्या युनियन कार्बाइडला कीटकनाशक उत्पादनाचा परवाना मिळाला. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री तेथे काय घडले ते सांगायला नको. त्या दुर्घटनेनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्यात साठ दिवसांची नोटीस देऊन नागरिकाने तक्रार करण्याची सोय झाली. १९८८ मध्ये ती पाण्याच्या कायद्यातही आली. अमेरिकेच्या कायद्यातील तेच साठ दिवस, पण आपल्यापर्यंत यायला त्यांना १६ ते १८ वर्षे लागली. शिसेविरहित पेट्रोलची कथाही तशीच. ते चार महानगरांत १९९५ मध्ये आणि देशभर फेब्रुवारी २००० मध्ये आले, तेही सर्वोच्च न्यायालयातील याचिकांचा रेटा लागल्यावर.

कोकण आणि गोव्याच्या वाचकांना जवळचे उदाहरण किनाऱ्याचे आहे. नोव्हेंबर १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारपट्टीच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवावा, असे त्यात सांगितले होते. पत्र तळमळीचे होते, आकडाही स्पष्ट होता. पण पत्र म्हणजे कायदा नव्हे. मोडणाऱ्याला शिक्षा नव्हती, पाळणाऱ्याला मुदत नव्हती. त्याच ५०० मीटरांना कायद्याचे बळ आले ते १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने. तोवर लिहिणारी व्यक्ती हयात नव्हती. आणि अधिसूचनेनंतरही राज्यांनी एका वर्षात करायचे आराखडे पाच वर्षे झाली नाहीत. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यांची कानउघाडणी करावी लागली.

वाघांच्या बाबतीतही असेच घडले. व्याघ्र प्रकल्प ही बराच काळ केवळ सरकारी योजना होती. वर लक्ष घालणारी व्यक्ती होती तोवर ती नीट चालली. पुढे लक्ष उडाले आणि २००५ च्या सुमारास राजस्थानातील सरिस्का अभयारण्यात एकही वाघ उरलेला नाही असे आढळले. त्यानंतर २००६ मध्ये कायद्याने राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन झाले. २०२२ च्या गणनेत वाघांचा अंदाज ३,६८२ इतका आला. १९७२ ची मोजणी पायांच्या ठशांवरून आणि आताची स्वयंचलित कॅमेऱ्यांवरून असल्याने दोन्ही आकडे थेट शेजारी मांडू नयेत, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

मग खरेपणाला किंमतच नाही?

असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. केरळमधील सायलेंट व्हॅलीची हकिगत पाहा. कुंतीपुळा नदीवर वीजमंडळाला धरण बांधायचे होते. सदाहरित जंगलाचा दुर्मिळ तुकडा त्यात बुडणार होता. १९७६ मध्ये जफर फतेहअली यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने प्रकल्प नको असे सांगितले. पण टाळता येतच नसेल तर कोणत्या अटी घालाव्यात, हेही सांगितले. राज्याने अटींचा आधार घेऊन प्रकल्प पुढे रेटला आणि १९७९ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई यांनीही त्याला हिरवा कंदील दाखवला. तेव्हा पुढे आली केरळ शास्त्र साहित्य परिषद. ही संस्था म्हणजे मातृभाषेत विज्ञान लिहिणाऱ्यांची आणि शिक्षकांची चळवळ. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद यांनी लेख लिहिले. परिषदेने १९७९ मध्ये प्रकल्पाची तांत्रिक आणि आर्थिक छाननी करणारा अहवाल काढला. वीज किती, कुणाला मिळणार, दुसऱ्या मार्गाने मिळेल का, असे प्रश्न त्यात होते. गावोगाव व्याख्याने झाली.

१९८० मध्ये इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या. केरळमधील त्यांच्याच पक्षाच्या अनेकांना धरण हवे होते. त्यांनी एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तीत आपल्या पुण्याचे माधव गाडगीळ होते. १९८३ मध्ये प्रकल्प सोडून देण्यात आला आणि नोव्हेंबर १९८४ मध्ये ते जंगल राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. येथे पंतप्रधानांच्या मनातील ओढीने नक्कीच काम केले. मतांचा हिशेब करणाऱ्या नेत्याने पक्षाचे ऐकले असते. पण शिक्षकांनी आधी माहिती गोळा केली नसती, तर त्या ओढीला धरायला आधार नसता.

दोन्ही कथा एकत्र ठेवल्या की चित्र स्पष्ट होते. लोकांचा रेटा असेल, तर आस्था नसलेला नेताही भक्कम कायदा करून जातो. कायदा कच्चा असेल, तर आस्था असलेल्या नेत्याचे कामही त्याच्यामागे विरून जाते. खरी आस्था उपयोगी पडते ती अवघड क्षणी, जेव्हा नियम गप्प असतात आणि कुणीतरी पक्षाला नाही म्हणायचे असते. पण असे क्षण थोडे आणि अशी माणसे त्याहून थोडी. त्यांच्यावर नद्या आणि डोंगर सोपवून चालणार नाही.

वर्गासाठी चार प्रश्न

तेव्हा आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल : "त्यांना काळजी आहे की नाही, हे आपल्याला मोजता येत नाही. पण ते जे बोलले ते नंतर त्यांनाच बांधून ठेवील का, हे मोजता येते." त्यासाठी कोणत्याही घोषणेला चार प्रश्न विचारावेत. त्यात आकडा आहे का? मुदत आहे का? पैसा ठेवला आहे का, आणि ठेवला तर खर्च झाला का? आणि आश्वासन मोडले, तर सामान्य माणसाला कुठे दाद मागता येईल?

हे चार प्रश्न पक्ष पाहून बदलत नाहीत. उदाहरणार्थ, २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातील उल्लंघनासाठी असलेली कैदेची शिक्षा जाऊन तिच्या जागी आर्थिक दंड आला. खटले वर्षानुवर्षे रेंगाळत, आता दंड लवकर होईल, असे समर्थक म्हणतात. मोठा कारखाना दंड हा धंद्याचा खर्च समजून भरील, असे टीकाकार म्हणतात. कुणाचा हेतू काय यावर वाद घालण्यापेक्षा, पुढील काही वर्षांत दंड किती झाले, वसूल किती झाले आणि नदीचे पाणी सुधारले का, हे वहीत मांडणे जास्त फलदायी. माझे दिवस प्रयोगशाळेत मोजमाप करण्यातच जातात, त्यामुळे माझा कल या बाजूला आहे हे कबूल आहे.

पुढच्या ५ जूनला एक साधा उपक्रम करून पाहावा. गेल्या पाच वर्षांत शाळेच्या आवारात किंवा गावात पाहुण्यांच्या हस्ते लावलेल्या रोपांची यादी मुलांनी करावी. कोणती जगली, कोणती मेली, पाणी कुणी घातले, कुंपण होते का, हे प्रत्येक रोपापुढे लिहावे. मग हा तक्ता त्या दिवशी येणाऱ्या पाहुण्यांच्या हाती आदराने द्यावा आणि या वर्षीच्या रोपांसाठी पाण्याची सोय कोण करणार, हे त्यांच्याकडून लिहून घ्यावे.